सात पत्रं आणि दिल्लीतली एक खुर्ची

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक वायुसेनेत एअर कमोडोर आहेत, वय ५४, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. खडकवासल्याहून बाहेर पडल्यापासून त्यांनी मालवाहू विमानं उडवली. नुकतेच एका तळाचे प्रमुख होते. आता त्याच्या वरच्या, एअर व्हाइस मार्शलच्या हुद्द्यासाठी त्यांची निवड झाली आहे आणि दिल्लीला वायुभवनात, म्हणजे वायुसेनेच्या मुख्यालयात, सहायक प्रमुखाच्या पातळीवरचं पद मिळतं आहे. त्यांना ते नको आहे. "मी उडायला आलो होतो, फाइली ढकलायला नाही," असं ते लिहितात. एक बॅचमेट खासगी एअरलाइनमध्ये आहे आणि तो बोलावतो आहे. पत्नी पुण्यात कॉलेजात शिकवते. ती म्हणते, "तुम्ही ठरवा." आई ८१ वर्षांची, गाव सोडायला तयार नाही. राजीनामा द्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नमस्कार.

सवयीनं हात 'सर' लिहायला जातोय. मी लॉजिस्टिक्स शाखेतून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले. तुमच्या हुद्द्याच्या माणसांशी सगळी नोकरी उभं राहूनच बोलले. या सदरात मात्र तुम्ही पत्र लिहिणारे आणि मी ताई, तेव्हा आज बसून बोलते.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात 'उडणं' हा शब्द अकरा वेळा आलाय, मी मोजला. आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, तुम्ही सात पत्रांचं लिहिलंय. तुमच्या तळावरच्या वायुसैनिकांच्या क्वार्टर्सची छपरं गळत होती. दोन पावसाळ्यांत तुम्ही वरच्या मुख्यालयांना सात पत्रं पाठवलीत. सहांचं उत्तर नाही, एकावर 'नोटेड'. आणि मग हे वाक्य: "ज्यांनी माझी पत्रं वाचली नाहीत त्यांच्या पंगतीला मी जाऊन बसू?"

मला वाटतं तुमचं खरं पत्र या ताज्या कलमापासून सुरू होतं. पण आधी उडण्याचं निस्तरू.

तळप्रमुख म्हणून तुमचा दिवस कशात जायचा ते तुम्हीच दिलंय: कोर्ट ऑफ एन्क्वायरी, शाळेची समिती, कॅन्टीनचा हिशेब, धावपट्टीवरच्या घारी, शेजारच्या गावाशी कुंपणावरून वाद, आणि आठवड्याला एक तरी व्हीआयपी. लॉगबुकात भर पडायची ती 'नावापुरती', हा शब्द तुमचाच. म्हणजे उडणं दिल्लीच्या आधीच सुटत आलं होतं, आणि तरी ही दोन वर्षं नोकरीतली सगळ्यात चांगली होती असं तुम्ही लिहिता. मग आता नेमकं काय सुटतंय?

मला विचाराल तर 'माझं स्टेशन' हे दोन शब्द सुटताहेत. गेटवरचा संत्री दुरून गाडी ओळखतो, सणाला बायका ओवाळायला येतात, रात्री दोनला फोन वाजतो तो तुमच्यासाठीच वाजतो. तळावर एअर कमोडोर म्हणजे गावचा पाटील. वायुभवनात एअर कमोडोर लिफ्टच्या रांगेत उभा असतो, आणि त्याच्या पुढे दोन एअर व्हाइस मार्शल उभे असतात. कमांड सुटल्याचं दुःख खरं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याला उडण्याचं नाव देऊ नका. दुखणं एक आणि औषध दुसरंच होईल, आणि ते औषध म्हणजे तुमच्या बॅचमेटची एअरलाइन.

त्या एअरलाइनचं चित्र जरा जवळून बघा. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाला ६५ पर्यंत उडता येतं, म्हणजे वर्षं तुमच्याकडे आहेत. पण लायसन्सच्या परीक्षा, त्या विमानाचं टाइप रेटिंग (म्हणजे तेच विमान उडवण्याची वेगळी परवानगी), नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची, डीजीसीएची, वैद्यकीय तपासणी, हे सगळं पार करून तुम्ही बहुधा उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून बसाल. डाव्या सीटवरचा कॅप्टन पस्तिशीचा असेल आणि चेकलिस्ट तो वाचायला लावेल. ते तुम्हाला मनापासून चालणार असेल तर उत्तम. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना ते चाललं, आणि ती सुखात आहेत. पण त्यांतली बहुतेक विंग कमांडर असताना बाहेर पडली होती. तळप्रमुखाचा झेंडा गाडीवरून उतरवून थेट उजव्या सीटवर बसणं ही वेगळी उडी आहे. बॅचमेटला पगार विचारलात तसं हेही विचारा: पहिले सहा महिने कसे गेले?

आता हिशेबाचं, कारण तुम्ही तो चुकवलाय. पद बढतीचं आहे म्हणजे पगार बराच वाढेल आणि तो सोडणं हा त्याग ठरेल, असं तुम्ही धरून चाललात. एअर कमोडोरपर्यंत मिळणारा १५,५०० रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे एअर व्हाइस मार्शलला वेगळा मिळत नाही, त्यामुळे हातात पडणारा फरक तुम्हाला वाटतो तेवढा नसतो. उलट दुसरीकडे बघा. मुदतीआधी स्वतः अर्ज करून बाहेर पडणाऱ्यांना 'वन रँक वन पेन्शन'चा लाभ नाही, २०१५ च्या आदेशातच तसं म्हटलंय. पेन्शन मिळेल, पण पुढं इतरांची वेळोवेळी वाढेल तशी तुमची वाढणार नाही. बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षात व्यावसायिक नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. आणि अर्ज केला म्हणजे सुटका झाली असं नसतं, तोही मंजूर व्हावा लागतो. हे आकडे कागदावर मांडा, शक्यतो वहिनींच्या समोर. पैसे हे इथं कारण नाही आणि निमित्तही नाही, हे एकदा दोघांना दिसलं की बोलणं सोपं होतं.

वायुसेनेबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. दिल्लीचं मुख्यालय थेट कुणाला लढायला पाठवत नाही. लढणारी दलं कमांडच्या हाताखाली असतात, आणि नागपूरची मेंटेनन्स कमांड धरून एकूण सात कमांड आहेत. दिल्लीत प्रमुख, त्यांच्याखाली उपप्रमुख, उपप्रमुखांचे सहकारी एअर मार्शल, आणि त्यांना काम करून देणारे सहायक प्रमुख, म्हणजे एअर व्हाइस मार्शल. विमानं कोणती घ्यायची, माणसं कुठं पाठवायची, छपरांना पैसे कुठून आणायचे, हे इथं ठरतं. आणि जे ठरतं ते प्रमुखांच्या नावानं बाहेर जातं. स्टाफमधला माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या वतीनं सही करतो. हे ज्याला जमत नाही तो तिथं कुजतो. हे मी जवळून पाहिलंय.

तुम्ही तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला स्टाफ कॉलेज केलंय. तिथलं चिन्ह घुबड. आपल्याकडे घुबड दिसलं की आज्या तोंड फिरवतात, आणि तिथून पास झालेले लोक स्वतःला मानानं घुबड म्हणवून घेतात. रात्री जागं राहून बघणारा, आवाज न करता उडणारा पक्षी. तेव्हा हसला असाल. मीही हसले होते.

तुमच्याच शाखेतलं उदाहरण घ्या. जुन्या ॲव्रो विमानांच्या जागी नवी मालवाहू विमानं हवीत म्हणून २०१३ मध्ये निविदा निघाली. करार झाला सप्टेंबर २०२१ मध्ये: ५६ सी-२९५ विमानं, त्यांतली १६ स्पेनहून आणि ४० वडोदऱ्यात बांधायची. पहिलं विमान ताब्यात आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. निविदेपासून विमानापर्यंत दहा वर्षं. दिल्लीची एक नेमणूक दोन-तीन वर्षांची धरा. पहिला मसुदा लिहिणारा निवृत्त झाला असेल. मधल्या कुणीतरी बोलीतली एखादी अट सैल होऊ दिली नसेल, आणि त्याचं नाव कुठंच नाही. आज आग्र्याला किंवा वडोदऱ्याला त्या विमानात बसणाऱ्या फ्लाइंग ऑफिसरला ही माणसं माहीत नाहीत. माहीत असण्याचं कारणही नाही. तुम्हाला विचारायचा प्रश्न इतकाच: असं दहा वर्षांतलं एखाद-दोन वर्षांचं, बिननावाचं काम तुम्हाला पुरेल का? उत्तर 'नाही' आलं तरी ते प्रामाणिक उत्तर आहे. पण ते या प्रश्नाचं उत्तर असू दे. 'फाइली ढकलणं' या शब्दांवर रागवून आलेलं नको.

आणि वैमानिक म्हणून हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुदान पेटलं असताना आपलं एक सी-१३०जे मालवाहू विमान रात्रीच्या अंधारात वादी सय्यिदनाच्या पट्टीवर उतरलं. खार्तुमच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवरची पट्टी, दिवे नाहीत, उतरायला मार्गदर्शन करणारी यंत्रं नाहीत. वैमानिकांनी नाइट व्हिजन गॉगल लावले आणि १२१ जणांना घेऊन ते जेद्दाहला परतले. कौतुक त्या वैमानिकांचं झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्या लोकांचा ताफा पट्टीपर्यंत आणला आपल्या वकिलातीत नेमलेल्या लष्करी प्रतिनिधीनं, डिफेन्स अटॅशेनं, आणि पट्टी मोकळी आहे हे कळेपर्यंत तो विमानाच्या संपर्कात राहिला. तोही गणवेशातलाच माणूस, नेमणूक मात्र टेबलाची. ही दोन कामं तुम्ही इतकी वेगळी का मानता, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही.

थोडं मागचंही सांगते. १९६५ च्या युद्धात प्रतापचंद्र लाल उपप्रमुख होते, म्हणजे तुमच्या भाषेत खुर्चीतले. भूदल आणि वायुदल यांचं कुठं जुळलं नाही हे त्यांनी त्या खुर्चीतून पाहिलं. १९६९ मध्ये ते प्रमुख झाले आणि १९७१ च्या आधी भूदलाबरोबर बसून जोडकामाची घडी त्यांनी नव्यानं बसवली. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलवर छत्रीधारी पलटण उतरली तेव्हा डकोटा, पॅकेट, एएन-१२, कॅरिबू अशी निरनिराळ्या वेगांची सुमारे ५० विमानं एका आकाशात होती. कोण कधी सुटणार, कुणाच्या मागे कोण, हे आधी कुणीतरी पेन्सिलनं कागदावर आखलं होतं.

आता सात पत्रं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. 'नोटेड' लिहिणाऱ्यांपैकी मीही एक होते. दिल्लीत स्क्वाड्रन लीडर असताना एका तळाचं पत्र माझ्या ट्रेमध्ये पाच आठवडे पडून होतं. दुष्टपणा नव्हता, आळसही नव्हता. त्या पत्रात कळकळ होती, पण किती कुटुंबं, किती खर्च, कोणत्या लेखाशीर्षातून, या वर्षी केलं नाही तर पुढं काय मोडेल, यांतलं एकही नव्हतं. कळकळीवर पैसे मंजूर करता येत नाहीत. पैसे 'स्टेटमेंट ऑफ केस'वर, म्हणजे हे सगळं आकड्यांसकट मांडणाऱ्या प्रस्तावावर मंजूर होतात, आणि तो कागद मार्चच्या पुरेसा आधी आला नाही तर त्या वर्षाचा विषय संपतो. मी 'नोटेड' लिहिलं आणि पुढचं पत्र उचललं. तो तळप्रमुख मला आयुष्यभर शिव्या देत असेल, आणि त्याचं काही चुकत नाही. मी फोन उचलून त्याच्या ॲडज्युटंटला सांगू शकले असते की बाबा रे, असं लिहू नका, असं लिहा. दहा मिनिटांचं काम होतं.

म्हणून विचारते, रागावू नका. तुमच्या सात पत्रांत आकडे होते? की पहिल्यात विनंती, चौथ्यात नाराजी आणि सातव्यात उपहास, असं होतं? तुमची भाषा बघता सातवं पत्र वाचायला मजा आली असेल. छप्पर त्यानं दुरुस्त होत नाही.

यात दोष सगळा तुमचा असं मी म्हणत नाही. वर बसलेल्यानं विचारायला हवं होतं. पण गळक्या छपराखाली उभा राहिलेला आणि फाइलची भाषा येणारा, असा एकच माणूस सापडणं दुर्मीळ. तुम्ही आज तसे आहात. दोन वर्षांनी तुम्हीही 'नोटेड' लिहायला लागाल, कारण ट्रे रोज भरतो आणि आठवण रोज थोडी पुसते. तेव्हा जायचं असेल तर आत्ता, छपरं डोळ्यांसमोर आहेत तोवर जाण्याला अर्थ आहे.

एक सावधगिरी. वचपा काढायला जाऊ नका. छपरांची फाइल बहुधा तुमच्या टेबलावर येणारच नाही, ती प्रशासन शाखेची. तुम्ही पायलट म्हणून वेगळ्या दारात असाल. दुसऱ्याच्या दारात जाऊन 'माझ्या तळाचं काय झालं' असं दरडावलंत तर पहिल्याच महिन्यात तुमचं नाव खराब होईल, आणि छपराचंही. चहाच्या वेळी जा. आधी त्यांच्या अडचणी ऐका, मग मसुदा सुचवा. तुमच्या जागी जो नवा तळप्रमुख आलाय त्याला फोन करून सांगा की आठवं पत्र कसं लिहायचं. एवढं केलंत तरी खुर्चीचं पहिलं काम झालं.

घरचं मी शेवटी ठेवलं, कारण तुम्हीही ते शेवटी लिहिलंत, एका परिच्छेदात. वहिनी म्हणतात, "तुम्ही ठरवा." सत्तावीस वर्षांत चौदा बदल्या झालेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. याचा अर्थ परवानगी असा घेऊ नका. 'मी काही म्हटलं तरी होणार तेच' असाही त्याचा अर्थ असू शकतो. पुण्यातली नोकरी त्यांनी कशी मिळवली आणि किती वर्षांनी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझी सूचना अशी की 'जाऊ की राहू' हे विचारूच नका. विचारा, "दिल्ली घेतली तर तुझा आठवडा कसा असेल? आणि मी पुण्यात घरी बसलो तर कसा असेल?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कदाचित तुम्हाला धक्का बसेल. निवृत्त फौजी अधिकारी नवरा दिवसभर घरात, हे प्रकरण सोपं नसतं. माझे यजमान अजून सकाळी सातला डब्यांची तपासणी करतात.

आईंच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं आहे, आणि इथं घाई करा. ८१ व्या वर्षी त्या दिल्लीला येणार नाहीत, आणून सुखीही होणार नाहीत. तुम्ही एअरलाइनमध्ये गेलात म्हणून साताऱ्याला जास्त राहाल हा भ्रम आहे. रोस्टर काय असतं ते बॅचमेटला विचारा. गावात रात्री सोबतीला राहणारं माणूस, जवळच्या डॉक्टरशी ठरवलेली महिन्याची फेरी, आणि दर दीड महिन्याला तुमची तीन दिवसांची सुट्टी कॅलेंडरवर आधीच लिहिलेली, हे दिल्लीतूनही जमतं आणि मुंबईच्या विमानतळावरूनही. पण आईंना सतत कुणी जवळ लागेल अशी वेळ आली असेल आणि ते तुम्ही पत्रात लिहायचं टाळलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. त्या कारणासाठी बाहेर पडणाऱ्याला कुणी फाइलीला घाबरला म्हणणार नाही, आणि म्हणाला तर म्हणू दे.

हे पत्र छापायचं ठरवलं ते फक्त वायुसेनेसाठी नाही. गेल्या वर्षभरात याच वळणाची पत्रं आली आहेत: शाळा सोडून जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी व्हायला निघालेल्या एका मुख्याध्यापिकेचं, वॉर्ड सोडून मेट्रनच्या ऑफिसात बसवलेल्या सिस्टरचं, शाखा सोडून बँकेच्या झोनल ऑफिसला निघालेल्या मॅनेजरचं. सगळ्यांचं दुःख एकच, 'माझी माणसं' सुटली. त्यांना माझं सांगणं: जाण्याआधी मागच्या पाच वर्षांत वर पाठवलेले अर्ज काढून एकदा वाचा, लिहिणारा म्हणून नव्हे, वाचणारा म्हणून. आणि नव्या जागी पहिल्या तीन महिन्यांत आठवड्यातला एक तास राखून ठेवा, ज्यात फक्त खालून आलेल्या पत्रांना फोननं उत्तर द्यायचं. कागदानं नाही, फोननं. त्या सिस्टरनं हे सुरू केलंय, तिचं दुसरं पत्र आलं. तिच्या जुन्या वॉर्डातल्या मुली आता तिला 'ऑफिसवाली' म्हणत नाहीत, असं तिनं लिहिलंय.

तुमच्यासाठी मी उत्तर देऊन टाकत नाही, पण माझा कल लपवतही नाही: मी असते तर दिल्ली घेतली असती. एअर व्हाइस मार्शलची निवृत्ती ५८ ला. म्हणजे चार वर्षं, पुढचा हुद्दा मिळाला तर ६० पर्यंत. उडायचंच असेल तर एअरलाइन तेव्हा मिळणार नाही, हे मान्य. पण फ्लाइंग क्लब असतात, शिकवता येतं, आणि ५८ चा माणूस काही म्हातारा नसतो. तरी एक अट मी स्वतःला घातली असती. वर्षभरानं एक संध्याकाळ घरी बसून विचारायचं: माझ्यामुळं खालच्या कुणाचं एक तरी काम झालं का, ज्याच्यावर माझं नाव नाही? आणि ते मला चाललं का? दोन्हींची उत्तरं 'नाही' आली तर त्या दिवशी बाहेर पडण्याचा अर्ज लिहायला घ्या, मी स्वतः मसुदा तपासून देईन.

तोपर्यंत सामान बांधताना त्या सात पत्रांच्या ऑफिस कॉपी तळावरून मागवून घ्या. तारखांसकट. ज्यावर 'नोटेड' आलं ती सगळ्यात वर ठेवा.